दारू सुटल्यावरचं पहिलं काम: मजुरी किती ते नंतर विचारा, आधी संध्याकाळ बघा

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो त्याच्या सहाव्या दिवशी मला काम लागलं. मेहुण्याने ओळखीने एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर चिकटवून दिलं. हमाली होती, पण रोज चांगला होता. घरात आईने देवाजवळ साखर ठेवली. हप्ता शनिवारी मिळायचा, पण गोडाऊनवर नाही, हायवेवरच्या एका ढाब्यावर. मुकादम संध्याकाळी तिथेच बसायचा. पहिल्या शनिवारी पैसे खिशात घालून मी जवळजवळ पळतच निघालो. दुसऱ्या शनिवारी पाऊस लागला, गाडी मिळेना, थांबलो. पुढचे चार महिने पुन्हा दारूत गेले.

चौकशी करताना मी एकच प्रश्न विचारला होता, रोज किती. संध्याकाळी साडेसहा ते नऊ मी कुठे असणार आणि कोणाबरोबर असणार, हे मी विचारलं नव्हतं, मेहुण्यानेही नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगला येणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच जणांबरोबर मी काम शोधत फिरलो आहे. त्या फिरण्यातून जे कळलं ते इथे लिहितो. गोळ्या, गांजा, ताडी यांतून बाहेर पडलेल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी शरीराची तयारी

पहिली गोष्ट, ज्यांची दारू अजून सुटायची आहे त्यांच्यासाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने “सोमवारपासून कामावर जायचंय” म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणं, भान हरपणं असे प्रकार होतात आणि त्यात माणूस दगावूही शकतो. सिव्हिलमध्ये किंवा मानसोपचार डॉक्टरांकडे जा, त्यांच्या देखरेखीखाली सोडा. काम आठ-पंधरा दिवस थांबेल.

दारू सुटलेल्यांनी कामाला निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. गोळ्यांनी गुंगी येते का? येत असेल तर गाडी चालवणं, कटर, प्रेस, उंचीवरचं काम सध्या नको. डायसल्फिराम चालू आहे का? ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. अशा माणसाने पॉलिशच्या, रंगाच्या कामावर बंद खोलीत स्पिरिट आणि थिनरच्या वाफेत दिवस काढण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. आणि नालट्रेक्सोन, म्हणजे तलफ कमी करणारी गोळी, चालू आहे का? असेल तर कामावर लागलं-खुपलं आणि ट्रॅमाडोलसारखं जोराचं वेदनाशामक औषध द्यायची वेळ आली, तर ही गोळी चालू असल्याचं त्या डॉक्टरांना आधी सांगायचं. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

झोप मात्र लवकर सुधारत नाही. कित्येकांना दोन-तीन महिने रात्री दोनला जाग येते, दिवसा चिडचिड होते, सांगितलेलं लक्षात राहत नाही. आपण कामाला नालायक झालो असं त्यातून वाटायला लागतं. ते खरं नाही, मेंदू हळूहळू जागेवर येत असतो. पण त्या काळात बारा तासांची ड्युटी आणि आलटून-पालटून रात्रपाळी घेऊ नका. आठ तासांचं, दिवसाचं काम बघा, पैसे कमी असले तरी.

आपल्या संध्याकाळचा हिशोब

एक वही घ्या. पिण्याच्या दिवसांत पाय कुठे वळायचे, किती वाजता, कोणाच्या हाकेने, कोणत्या वारी, हे लिहून काढा. लाज वाटेल, तरी लिहा, ही वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या वहीत आठवडे बाजाराचा दिवस सापडतो. मजुरी त्याच दिवशी मिळते, गावात गर्दी असते, बाजारात सगळे भेटतात, आणि दुकान वाटेतच असतं. कोणाचं ठिकाण एसटी स्टँडमागची गल्ली असतं, कोणाचं शेतातल्या विहिरीवरची खोली.

आता कोणतंही काम समोर आलं की ते या वहीला लावून बघा. काम सुटतं किती वाजता? घरी यायचा रस्ता कुठून, आणि बरोबर कोण? पैसे कोण देतं, कुठे देतं, रोख की खात्यात? सोबतची टोळी काम संपल्यावर बसते का? उचल घ्यावीच लागते का? यांतल्या दोन उत्तरांनी पोटात धस्स झालं तर ते काम सध्या सोडा. रोज किती, हे त्यानंतर विचारा.

मीटिंगचं वेळापत्रकही याच वहीत लिहा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये नव्या माणसाला जुनी मंडळी सांगतात, ९० दिवसांत ९० मीटिंग. तालुक्याच्या गावी रोज मीटिंग नसते, हे मलाही माहीत आहे. मग आठवड्यातून दोन तरी गाठा, बाकी दिवशी मीटिंगमधल्या जुन्या मित्राला ठरल्या वेळी फोन. मालकाशी बोलताना “मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला सुट्टी लागेल” हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर मागायला जीभ रेटत नाही.

कागदं

हे पटकन उरका. आधार, पॅन, बँक पासबुक. खात्यात दोन वर्षं काहीच व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय करते, केवायसी देऊन पुन्हा चालू करून घ्या. एटीएम कार्ड किंवा पासबुक सावकाराकडे, गुत्त्यावर गहाण पडलं असेल तर ते मागायला जाऊ नका. बँकेत अर्ज करून जुनं कार्ड बंद करा, नवीन घ्या. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

जुन्या कंपनीचा पीएफ असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा खाते) नंबर शोधून ठेवा, पण पैसे आत्ता काढू नका. पहिल्या काही महिन्यांत एकरकमी रोकड हातात येणं हे मी पाहिलेल्या घसरणीचं सगळ्यात मोठं कारण आहे. ई-श्रम नोंदणी (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवा. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथून मिळते. गावात असाल तर ग्रामपंचायतीतून जॉब कार्ड. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच, १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली, १९७७ चा कायदा. पहिल्या कामासाठी ती मला आवडते, कारण काम गावाजवळ, दिवसाचं, आणि मजुरी थेट खात्यात. पैसे यायला कधी कधी उशीर होतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

खान्देशात कुठलं काम, कुठलं नाही

सगळ्यात चांगलं पहिलं काम कोणतं असं विचाराल तर मी दूध संकलन केंद्र म्हणेन. पहाटे दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. पैसे फार नाहीत. पण ज्या वेळी तुमची तलफ सगळ्यात जोरात असते, नेमकं त्याच वेळी तुमच्यासमोर कॅन घेऊन माणसांची रांग उभी असते, आणि फॅट मोजायला तुम्हीच लागता. पहाटे उठायचं असल्याने रात्री नऊला डोळे मिटतात. माझं उभं राहणं त्या रांगेसमोर झालं. त्याच धर्तीवर बाजार समितीतलं भाजीपाल्याचं पहाटेचं काम चांगलं, फक्त दुपारच्या रिकाम्या वेळाची सोय आधी करून ठेवा.

ठिबक सिंचनाच्या जोडणीचं काम मिळालं तर सोडू नका. जळगाव हा ठिबकचा जिल्हा. शेतात दोघं-तिघं असता, काम उजेडातच करावं लागतं, आणि हाताला कसब लागतं. सोलर पंप बसवणाऱ्यांकडेही तसंच. वीज-फिटिंग, वेल्डिंग येत असेल किंवा आयटीआय झालेलं असेल तर याच बाजूला वळा.

जळगाव एमआयडीसीत चटईचे कारखाने, डाळ मिल, पाइपचे कारखाने आहेत. धुळ्याला अवधान, पलीकडे नरडाणा, शिरपूरकडे कापड. इथे पगार खात्यात जमा होतो, हे मोठं सुख. अडचण पाळीची. ठेकेदाराकडून लागलात तर बारा तास मागतात. थेट विचारा, “आठ तासांची दिवसपाळी तीन महिने मिळेल का?” कुठे नाही म्हणतात, कुठे हो म्हणतात. नाही म्हटलं तर पुढच्या गेटवर जा.

जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलचा) हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. काम भरपूर, पण रात्रपाळी, धूळ, आणि बाहेरगावच्या टोळ्या तिथेच राहतात. रोज घरी परतता येत असेल तरच जा, मिलमध्ये मुक्कामाला राहू नका. नंदुरबार, दोंडाईचाकडे मिरचीच्या पथारीवर वाळवणं, देठ खुडणं असतं. तिथे बायका-माणसं, घरची कुटुंबं एकत्र असतात, म्हणून ते मला जिनिंगपेक्षा सुरक्षित वाटतं. खोकल्याचा त्रास असेल तर मात्र नको.

केळीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण रावेर, यावल, चोपड्याकडून सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. कापणी वर्षभर कुठे ना कुठे चालू असते, टोळीला काम कमी पडत नाही. पण घड वाहून खांदे भरून येतात, ट्रक भरता भरता अंधार होतो, आणि “थकवा उतरवायला” म्हणून टोळी बसते. पिणारे सगळेच वाईट नसतात, थकलेले असतात. त्या टोळीत तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एकटे न पिणारे असाल, तर तुम्हाला ते जड जाणार. त्यापेक्षा त्याच बागेत ड्रीपला खत सोडणं, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढणं, घडाला स्कर्टिंग बॅग (झाकायची पिशवी) चढवणं ही कामं मागा. मालकाबरोबर जाता, दिवस मावळायच्या आत घरी येता. पॅकिंग हाऊसमध्ये धुण्या-वजनाचं काम मिळालं तरी चालेल.

सालदारकी? आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं. मालक ओळखीचा आणि न पिणारा असेल, घर जवळ असेल, तर बारा महिन्यांचं बांधलेलं काम काहींना आधार देतं. पण ठरतानाच वर्षाच्या पैशांतली मोठी रक्कम हातात घेऊ नका. महिन्याच्या महिन्याला घ्या. शेतातल्या खोलीत एकट्याने राहायची अट असेल तर नाही म्हणा.

ऊसतोडीची उचल पहिल्या वर्षी घेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. उचल म्हणजे आज एकगठ्ठा पैसा आणि नंतर सहा महिने सुटका नाही. फडावर मीटिंग नाही, डॉक्टर नाही, औषध संपलं तर आणायला कोणी नाही. सुरतही तसंच. “गुजरातेत दारूबंदी आहे, मुलगा तिथे सुधरेल” असं घरचे म्हणतात. बंदी १९६० पासून आहे, पण ज्याला हवी त्याला तिथेही मिळते, आणि दहा जणांच्या खोलीत बारा तासांच्या पाळीनंतर जो एकटेपणा येतो त्याला कुठलीच बंदी नाही. सहा महिने घरी घट्ट झाल्यावर सुरतेचा विचार करा, आणि गेलात तर तिथली मीटिंग आधी शोधून जा.

मंडप, केटरिंग, बँड, डीजे, ढाबा, लॉज, लांब पल्ल्याचा ट्रक ही कामं पहिल्या वर्षात बाजूला ठेवा. गोळ्यांचं व्यसन होतं त्यांनी मेडिकलचं दुकान टाळावं. गल्ल्यावर रोकड सांभाळायचं काम, विशेषतः रात्री, तेही नंतर.

मागायला गेल्यावर काय सांगायचं

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार मानसिक आजारात धरले आहेत, आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला आहे. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर किंवा रुग्णालय मालकाला काही सांगू शकत नाही. कारखान्यात मुलाखतीला गेलात तर आपणहून सगळी कहाणी उलगडायची गरज नाही. मधली वर्षं रिकामी का, असं विचारलं तर, “तब्येतीचा त्रास होता, उपचार घेतले, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे.” एवढं पुरे, आणि ते खरं आहे. अनुभवाचा खोटा दाखला मात्र जोडू नका. यंत्रावरच्या किंवा ड्रायव्हिंगच्या कामासाठी औषधांबद्दल विचारलं तर खरं उत्तर द्या. तिथे दुसऱ्याचाही जीव असतो.

गावात गोष्ट वेगळी. गावात सगळ्यांना माहीत असतं, लपवायला गेलात तर मालक मनात हसतो. म्हणून त्याने विचारायच्या आत आपणच बोलायचं, दोन वाक्यांत, मान खाली न घालता. एका मित्राने यावलकडच्या एका बागायतदाराला जे सांगितलं ते मी अजून नव्या लोकांना सांगतो: “अप्पा, मी पेत व्हतू, आते पेत नही. माले काम जोयजे.” मग पुढे म्हणाला, पंधरा दिवस बघा, मजुरी माझ्या हातात देऊ नका, माझ्या मायच्या खात्यात टाका. अप्पांनी पंधरा दिवस बघितलं. तो अजून तिथे आहे.

जुन्या मालकाची उचल अंगावर असेल तर आधी त्याच्याकडे जा. पैसे नसतील तरी जा. “दर महिन्याला इतके फेडतो” असं सांगून पहिला हप्ता भरून या. पुढे कोणी तुमची चौकशी त्याच्याकडे केली तर हा एक हप्ता तुमच्या बाजूने बोलेल. त्याने परत कामावर बोलावलं, तर जुन्या टोळीत आणि जुन्या पाळीत बसायचं नाही, ही अट मांडा.

पहिला महिना, पहिला पगार

पहिला पगार कुठे जाणार ते पगार होण्याच्या आठ दिवस आधी लिहून ठेवा. किराणा, लाइट बिल, मुलांची फी, औषधं. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडू नका. दुसरं छोटं खातं ठेवा, त्यात आठवड्याला लागतील तेवढेच पैसे. पगाराच्या संध्याकाळी बायकोला, भावाला किंवा मीटिंगमधल्या मित्राला गेटवर बोलवा. लहान मुलासारखं वाटेल. मला चार महिने माझी आई घ्यायला यायची, डब्याची पिशवी घेऊन, जणू सहज आली. ती कधी काही बोलली नाही.

देणेकऱ्यांनाही तुमच्या पगाराची तारीख कळते आणि ते त्याच दिवशी उभे राहतात. सगळ्यांची यादी करा, प्रत्येकाला थोडं थोडं द्या, वहीवर सही घ्या. पहिल्या पगारात सगळं फेडून मोकळं व्हायची हौस धरू नका. खिसा रिकामा झाला की घरात भांडण, आणि भांडण झालं की पाय त्याच गल्लीकडे.

सोबती “पहिल्या पगाराची पार्टी” मागणारच. तुम्हीच आधी दुपारी सगळ्यांना भजी-चहा द्या, किंवा घरून शेवभाजीचा डबा न्या. पार्टी झाली, विषय संपला. कोणी बाटली पुढे केली तर “मी घेत नाही” एवढंच, मग तिथून उठून जायचं. लांबलचक कारण दिलं की समोरचा त्यातून फट काढतो. “गोळ्या चालू आहेत” हेही चालतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत खरंही असतं.

चार वाजता काहीतरी खा. केळं, शेंगदाणे-गूळ, उरलेली भाकरी. पोटातली भूक आणि दारूची ओढ या दोन्ही संध्याकाळी एकसारख्याच वाटतात. मला ते कळायला फार वर्षं लागली.

आखाजी, पोळा, होळी, लग्नं

कॅलेंडर घ्या आणि धोक्याच्या दिवसांवर आत्ताच खूण करा. आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात आणि पत्त्यांबरोबर बाटली येते. पोळ्याला, होळीला तसंच. सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासींचा बाजार) असतो, त्याच सुमारास मोहाची फुलं पडायला लागतात, ज्यांची दारू निघते. अशा दिवशी सगळे सुट्टी मागतात. तुम्ही ड्युटी मागा. मालक खूश होतो, आणि तुमचा दिवस कामात जातो. जवळच्या लग्नाला जावंच लागलं तर दुपारच्या पंगतीला जा, वरातीला थांबू नका.

घसरलात तर

बहुतेक जण प्यायल्यापेक्षा तोंड लपवल्याने काम गमावतात. एक दिवस प्यायले, लाजेने दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, मग आठवडा गेला. असं झालं तर नशेत कामावर जाऊ नका, यंत्राजवळ तर मुळीच नाही. घरच्या कोणाला तरी मालकाला फोन करायला लावा, तब्येत बरी नाही, उद्या-परवा येतो. त्याच दिवशी डॉक्टरांना आणि मीटिंगमधल्या माणसाला गाठा. बोलायला कोणीच नसेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असाल तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना.

आणि काम आणि दारूमुक्ती यांत एकच ठेवता येत असेल तर काम सोडा. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, म्हणून त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. घरच्यांनाही एक विनंती. “किती दिवस बसून खाणार” हे वाक्य पहिले तीन महिने गिळून टाका. तो बसून नाहीये. बायका या आजारातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना हे वाक्य ऐकावं लागत नाही, पण त्यांना लगेच सगळं घर, शेत आणि वर मजुरीही अंगावर घ्यावी लागते. त्यांच्या औषधाची आणि मीटिंगची वेळ घरातल्या माणसांनी राखायला हवी.

सहाएक महिने झाले, झोप लागायला लागली, पगाराच्या दिवशी छातीत धडधड थांबली, की जास्त पैशांचं काम बघायला हरकत नाही. पुन्हा तीच वही काढा, तेच प्रश्न. जुनं काम सोडताना महिनाभर आधी सांगा, अनुभवाचा दाखला लेटरहेडवर मागून घ्या, आणि पीएफ असेल तर त्याच यूएएनवर पुढे चालू ठेवा. जाताना मालकाला म्हणा, माझ्यासारखा एखादा केंद्रातून आला तर त्याला माझ्या जागी पंधरा दिवस बघा.